नातवंडांना घेऊन दोन दिवस: वर्षांनंतरही सांगितली जाईल अशी सहल कशी आखावी

मागच्या एका सहलीला माझ्या पर्समध्ये घडी घातलेली एक यादी होती. शनिवारी सकाळी होडी, दुपारी पक्षी बघणं, रविवारी पहाटे टेकडीवरून सूर्योदय. यादीतलं जवळपास सगळं पार पडलं आणि मी स्वतःवर खूश होते. सहा महिन्यांनी सात वर्षांच्या नातीला सहज विचारलं, "तिथलं तुला काय आठवतं गं?" ती लगेच म्हणाली, "मोजे!"

शनिवारी संध्याकाळी आम्ही सगळे पावसात चिंब भिजलो होतो. खोलीत दोरी नव्हती, म्हणून आजोबांनी पिशवीचा लांब पट्टा काढून खिडकीच्या गजाला आणि कपाटाच्या मुठीला बांधला, त्यावर सगळ्यांचे मोजे वाळत घातले. बसायला एकच खुर्ची, तीही नेमकी त्या पट्ट्याखाली. आजोबा खाली बसले की टक्कलावर थेंब पडायचा. ते हलले नाहीत. गंभीर चेहऱ्याने "एक... दोन... तीन..." मोजत राहिले. तेवीसपर्यंत गेले. पोरं जमिनीवर लोळून हसत होती. आणि होडी? "कुठली होडी, आजी?"

तेव्हापासून मी सहल उलट्या टोकाने आखते. दोन दिवसांत किती बघायचं हा प्रश्न मागे ठेवते. परत आल्यावर याबद्दल बोलणार कसं, किती वेळा, कशाच्या आधाराने, हे आधी ठरवते. माझं मत आता पक्कं आहे: सहलीत नुसता कच्चा माल मिळतो, आठवण घडते ती नंतरच्या सांगण्यात. म्हणून या लेखात सामानाच्या यादीला चार ओळी आहेत आणि परतल्यानंतरच्या आठवड्याला बरीच जागा.

सुरुवात मुलांच्या आईवडिलांपासून

आजी-आजोबांचं सगळ्यात जास्त बिनसतं ते इथे. लेकाशी किंवा लेकीशी, आणि सुनेशी किंवा जावयाशीही, निघण्याच्या आठवडाभर आधी शांतपणे बोला. झोपायची वेळ, मोबाइल किती वेळ, गोड किती, पाण्यात उतरू द्यायचं का, कशाची ॲलर्जी आहे, कोणतं औषध चालू आहे आणि किती द्यायचं, हे सगळं विचारून कागदावर लिहून घ्या. तोंडी ऐकलेलं ऐनवेळी आठवत नाही, आपल्या वयात तर नाहीच.

नियम त्यांचे, सवलती आपल्या, असं मी मानते. पण सवलतीही आधी सांगून घ्याव्यात. "एक रात्र उशिरा झोपले तर चालेल ना?" असं विचारलं की बहुतेक वेळा हो येतं. न विचारता केलं आणि मग मुलाला "आईला सांगू नकोस हं" म्हटलं, की आपण एका लहान माणसाच्या डोक्यावर नको ते ओझं ठेवतो. मौजेची गुपितं चालतील, लपवाछपवीची नकोत.

आईवडिलांना फोन कधी करायचा तेही ठरवा. झोपायच्या वेळी आईचा आवाज ऐकला की लहान मुलांना घराची आठवण उफाळून येते, हे मी दोनदा रडारड निस्तरून शिकले. फोन संध्याकाळी, खेळून दमल्यावर आणि जेवणाच्या आधी करावा.

कोण, कोणत्या वयाचं

तीन नातवंडं असली तर तिघांना एकदम नेलंच पाहिजे असं नाही. एकेकट्याला नेलं की तो वेगळाच माणूस असतो. भावंडांत गप्प राहणारा आमचा मोठा नातू एकटा आला तेव्हा गाडीत दोन तास अखंड बोलला. मात्र भावंडं एकत्र असली तर नंतर एकमेकांना आठवण करून देणारी तोंडं जास्त, हाही फायदा आहेच. आलटूनपालटून दोन्ही करावं.

वयाबद्दल एक गोष्ट आधीच समजून घेतलेली बरी. मोठ्या माणसांना आपल्या आयुष्यातली पहिली आठवण विचारली तर ती सरासरी तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली निघते. त्याआधीचं पुसलं गेलेलं असतं. पण पुसलं कधी जातं? पॅट्रिशिया बाउअर आणि मरीना लार्किना या संशोधक जोडीने २०१४ साली याचं उत्तर प्रसिद्ध केलं. तीन वर्षांच्या मुलांशी त्यांच्या आयांनी केलेल्या गप्पा नोंदवून ठेवल्या आणि पुढे वेगवेगळ्या वयांत त्याच प्रसंगांबद्दल मुलांना विचारलं. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यातले ६० टक्क्यांहून जास्त प्रसंग आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्यांना ४० टक्क्यांहूनही कमी.

म्हणजे चार वर्षांच्या नातवाला सगळं आठवतंय म्हणून आपण निर्धास्त होतो आणि नेमकी त्यानंतर गळती लागते. त्याला न्यायचं नाही असा याचा अर्थ मुळीच नाही. त्या वयातली सहल टिकवायची असेल तर ती घरात पुन्हा पुन्हा बोलली जायला हवी, एवढंच. सहा ते अकरा या वयात मुलं स्वतःहून बरंच साठवतात; माझ्या मते दोन दिवसांच्या सहलीला हे वय सगळ्यात गोड. तेरा-चौदाच्या पुढे आखणीच त्यांच्या हाती द्यावी आणि आपण प्रवासी म्हणून जावं.

जागा ठरवताना

घरापासून फार तर दोन-तीन तासांच्या अंतरावर. दोनच दिवस आहेत, त्यातला एक रस्त्यात घालवू नये. आणि जागा फार प्रसिद्ध नसली तर उत्तमच. रांगेत उभं राहण्याची आठवण कुणाला हवी आहे?

मी चार गोष्टी पाहते: मोकळं धावता येईल अशी जागा, जवळ कुठलं तरी पाणी किंवा झाडी, रात्री अंधार पडेल असं आकाश आणि जवळपास दवाखाना. शिवाय आपल्या गुडघ्यांना झेपतील इतक्याच पायऱ्या. याची लाज वाटू देऊ नका. दमून चिडलेली आजी कुणाच्याही आठवणीत राहू नये.

मुलांना विचारताना "कुठे जायचं?" असा मोकळा प्रश्न टाकू नका. चंद्रावर, असं उत्तर येतं आणि मग नाही म्हणावं लागतं. तुम्हाला चालतील असे दोन पर्याय द्या आणि निवड खरोखर त्यांच्यावर सोडा. निवडलं की ती सहल त्यांची होते. पाऊस आला तरी दोष तुमच्यावर येत नाही.

तारीख धरताना चंद्र बघा. तारे दाखवायचे असतील तर अमावास्येच्या आसपासचा शनिवार, चंद्रोदय दाखवायचा असेल तर पौर्णिमा, कारण त्या दिवशी सूर्य मावळायच्या सुमारास चंद्र उगवतो. मुलाला एकाच वेळी इकडे मावळणारा सूर्य आणि तिकडे वर येणारा चंद्र दाखवा. दोघांच्या मधोमध आपण उभे आहोत, हे त्याला पुस्तकाशिवाय कळतं.

दिवसाला एकच मोठी गोष्ट

माझी जुनी यादी इथेच फसली होती. आता कागदावर शनिवारी एक आणि रविवारी एक, एवढंच लिहिते. बाकीचा वेळ रिकामा ठेवायचा. मोजे वाळत घालण्यासारखं काही घडायला मोकळा वेळ लागतो.

ती एक मोठी गोष्ट निवडताना "बघण्यापेक्षा करणं" हा निकष लावा. धबधबा बघणं ठीक, पण ओढ्यात दगडांचा छोटा बांध घालून पाणी अडवणं जास्त चांगलं. मुलाने आयुष्यात पहिल्यांदा हाताने केलेली गोष्ट असेल तर सोन्याहून पिवळं: पहिल्यांदा पेटवलेली शेकोटी (तुमचा हात त्याच्या हाताजवळ ठेवून), पहिल्यांदा वल्हं मारणं, पहिल्यांदा स्वतः बांधलेली गाठ. आणि त्याला लागेल तितका वेळ लागू द्या. आमच्या धाकट्याने एक गाठ मारायला पाऊण तास घेतला. माझे हात शिवशिवत होते. मी ते मांडीखाली दाबून बसले.

झाडाची उंची मोजणं हाही असाच एक खेळ. उन्हात हातभर लांबीची सरळ काठी उभी धरायची, तिची सावली मोजायची, मग झाडाची सावली पावलांनी मोजायची. काठीची सावली काठीच्या दुप्पट असेल तर झाडाचीही झाडाच्या दुप्पट. अकरा वर्षांचं मूल हिशेब करतं, चार वर्षांचं पावलं मोजतं, आजोबा काठी धरतात. सगळ्यांना काम.

काम वाटून देणं हा माझा आवडता भाग. निघायच्या आधी प्रत्येकाला हुद्दा द्यायचा: एक वाटाड्या, नकाशा त्याच्याकडे, एक खजिनदार, खाऊचे पैसे आणि हिशेबाची वही तिच्याकडे, सगळ्यात लहान तो मोजणारा, दर वेळी गाडीत बसताना माणसं मोजून "सगळे आहेत" असं ओरडणारा. हुद्दे खरे हवेत. वाटाड्याने चुकीचं वळण सांगितलं तर धोका नसेल तिथे त्या वळणावर जायचंच. आमच्या वाटाड्याने आम्हाला एका गोठ्यात नेऊन सोडलं होतं. तिथे दोन दिवसांचं वासरू होतं.

सामान आणि प्रवास

अंगावरचे सोडून कपड्यांचे दोन जोड, मोज्यांचे चार (अनुभवाचे बोल), टोपी, टॉर्च, पाणी, रोजची औषधं, प्रथमोपचाराची पेटी, दोरीचं एक बंडल, कोरी वही, पेन्सिली आणि झोपताना लागणारं ते मळकं खेळणं. ते विसरलात तर रात्रीच परत यावं लागेल.

आपल्या गोळ्यांबद्दल मात्र सावध राहा. घरी त्या उंचावर असतात, प्रवासात पर्समध्ये, उशाशी किंवा टेबलावर येतात. रक्तदाबाची किंवा साखरेची आपली एखादी गोळीसुद्धा लहान मुलाच्या पोटात गेली तर जिवावर बेतू शकते. खोलीत पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे औषधांची पिशवी कपाटाच्या वरच्या फळीवर.

गाडीत मुलं बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत मागच्याच सीटवर, वयाला आणि उंचीला साजेशा आसनात, पट्टा लावून. गाडी लागण्याचा त्रास दोन ते बारा या वयात सर्वांत जास्त असतो: कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं की आपण हलतोय आणि पुस्तकात किंवा मोबाइलमध्ये खुपसलेले डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. म्हणून डोळे बाहेर, लांबवर. निघण्यापूर्वी थोडंसं खाणं, ना रिकामं पोट ना भरलेलं. खिडकी किलकिली. उलटीवरची गोळी डॉक्टरांना विचारूनच. बाहेर बघायला लावणारे खेळ आपोआप औषधाचं काम करतात. आमच्याकडे "लाल दार आधी कुणाला दिसतं" हा खेळ तासभर पुरतो.

पाणी असेल तिथे लहान मूल हाताच्या अंतरावर हवं, अगदी गुडघाभर पाण्यातही. बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही, गप्पकन जातं. दोघं मोठी माणसं असली की "मला वाटलं तुझं लक्ष आहे" हा धोका वाढतो, म्हणून आम्ही पाळी लावतो आणि पाळी बदलताना तोंडाने म्हणतो: आता तुम्ही.

पोहोचल्यावर आणि पहिली रात्र

पहिला तास काहीच करू नका. मुलांना खोलीचे कोपरे, गाद्या, खिडक्या पारखू द्या. ती जागा आधी त्यांची व्हावी लागते.

झोपेचं गणित सैल ठेवा, पण मोडू नका. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून दिवसाला १० ते १३ तास आणि सहा ते बारा वर्षांच्यांना ९ ते १२ तास झोप लागते. शनिवारी रात्री तारे बघायला जागवलंत तर रविवारची सकाळ मोकळी हवी. तारे बघताना पहिली वीस-तीस मिनिटं मोबाइल पूर्ण बंद. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो आणि पडद्याचा एक झगमगाट ती घालवतो. या वाट बघण्याच्या अर्ध्या तासातच सगळ्यात चांगल्या गप्पा होतात. अंधारात मुलं असे प्रश्न विचारतात, जे उजेडात विचारणार नाहीत. "आजी, तू मरशील का?" हा मला तिथेच आला होता. मी हो म्हणाले, आणि मग आम्ही बराच वेळ त्यावर बोललो.

आपल्या गोष्टी

अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी २००१च्या सुमारास मुलांसाठी वीस प्रश्नांची एक यादी केली. तुझे आजी-आजोबा कुठे वाढले? आईवडील कसे भेटले? तुझ्या जन्माच्या वेळी काय झालं? घरात कधी मोठं संकट आलं होतं का? ज्या मुलांना अशी उत्तरं जास्त माहीत होती, त्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त दिसला. यातून उत्तरं घोकून घ्यावीत असा निष्कर्ष काढू नका. ज्या घरात लोक एकत्र बसून बोलतात त्या घरातल्या मुलांना ती माहीत असतात, खरी गोष्ट बोलण्याची आहे.

त्यांचं आणखी एक निरीक्षण मला जास्त कामाचं वाटतं. काही घरं आपली कथा नुसती चढती सांगतात, काही नुसती उतरती. मुलांना आधार देते ती चढउताराची: आपलं बरं चाललं होतं, मग पडलो, मग सावरलो. म्हणून यशाच्या गोष्टी कमी करा. मी परीक्षेत नापास झाले होते, ते आठ दिवस घरात लपवून ठेवलं होतं आणि शेवटी माझ्या भावाने फोडलं, ही गोष्ट माझ्या नातवंडांनी आजवर किती वेळा मागितली असेल!

गोष्ट सांगायला निमित्त लागतं. घरातून एक जुनी वस्तू बरोबर न्या: गंजलेली किल्ली, जुना फोटो, कुणाचा तरी चष्मा. ती मुलाच्या हातात द्या आणि काही बोलू नका. विचारणा येतेच.

फोटो, आवाज, वास

लिंडा हेंकेल यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. लोकांना संग्रहालयात फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवत होत्या. जणू लक्षात ठेवायचं काम कॅमेऱ्यावर सोपवून मन मोकळं झालं होतं. गंमत पुढे आहे: वस्तूचा एखादाच भाग जवळून टिपायला सांगितला, तेव्हा मात्र आठवण घटली नाही.

यावरून मी नियम केला: दिवसाला माणशी दहा फोटो, आणि त्यातले निम्मे अगदी जवळचे. झाडाची साल, आजोबांचा अंगठा, चिखलातला ठसा. मुलांच्या हाती कॅमेरा दिला की कमरेच्या उंचीवरून दिसणारं जग मिळतं. आणि तुम्ही स्वतः फोटोत या. फोटो काढणारी आजी कुठल्याच फोटोत नसते. तीस वर्षांनी नातवंडं तिलाच शोधतील.

आवाजाकडे बहुतेक लोक लक्षच देत नाहीत, आणि तिथेच खरा खजिना आहे. मोबाइलवर रोज पाच मिनिटं आवाज टिपा: जेवतानाचा गोंधळ, बोबडं गाणं, आजोबांचं घोरणं आणि त्यावरची चर्चा. चेहरे फोटोत राहतात, पण चार वर्षांच्या मुलाचा आवाज सहाव्या वर्षी जगात कुठेच नसतो.

वासाचं नातं तर थेट आहे. मेंदूत बाकी संवेदना एका मधल्या थांब्यावरून पुढे जातात. वास मात्र भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांकडे थेट पोहोचतो. वासाने जागी होणारी आठवण बहुतेकदा आयुष्याच्या पहिल्या दहा वर्षांतली निघते, असंही अभ्यासांत दिसलं आहे. सहलीला एक वास नेमून द्या. आम्ही एकच साबण फक्त सहलीत वापरतो, घरी कधीच नाही. त्याचं वेष्टन सोडलं की पोरं नाक पुढे करतात.

बिनसलं तर

बिनसणारच. पाऊस येईल, गाडी बंद पडेल, भावंडं भांडतील. ताप, सतत उलट्या, डोक्याला मार असं काही असेल तर सहल तिथेच संपवा, आईवडिलांना लगेच कळवा, डॉक्टर गाठा. यात मोठेपणा दाखवू नका. बाकी सगळ्याकडे गोष्टीचा कच्चा माल म्हणून बघा. वीज चमकली तर छताखाली जाऊन गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजायला लावा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे सेकंदांना तीनने भागलं की वीज किती लांब पडली ते कळतं. घाबरलेलं मूल हिशेबाला लागतं.

भांडणात न्यायाधीश होऊ नका. खाऊ द्या, मग विचारा. निम्मी भांडणं भुकेची असतात.

रविवारची दुपार जपा

डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली लोकांना थंड पाण्यात हात बुडवायला सांगितले. एकदा १४ अंश पाण्यात ६० सेकंद. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत, म्हणजे किंचित कमी थंड होत गेलं. पुन्हा करायचं तर कोणतं, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला प्रकार निवडला, त्यात त्रास जास्त असूनही. शेवट जरा बरा होता म्हणून. मन प्रसंग मोजतं ते त्यातल्या सगळ्यात तीव्र क्षणावरून आणि शेवटावरून. किती वेळ चाललं याला फारशी किंमत नसते.

आता आपल्या सहलींचा शेवट कसा होतो ते आठवा. खोली रिकामी करायची घाई, हरवलेली चप्पल, "आवरा लवकर", मग वाहतुकीची कोंडी. दोन दिवसांच्या मेहनतीवर शेवटच्या तीन तासांत पाणी. म्हणून सामान शनिवारी रात्रीच भरायला घ्या, रविवारी ठरल्यापेक्षा तासभर आधी निघा आणि वाटेत कुठे तरी अर्धा तास थांबा, फक्त निरोपासाठी. आम्ही गाडी थांबवून प्रत्येकाला एक प्रश्न विचारतो: "तू काय कायमचं ठेवणार?" एकदा उत्तर आलं, "तो कुत्रा, जो माझ्याकडे बघत होता." त्या कुत्र्याकडे माझं लक्षही गेलं नव्हतं.

खरं काम आता सुरू

विसरण्याचा वेग सुरुवातीला सगळ्यात जास्त असतो आणि मग मंदावतो; हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून हे दाखवलं. म्हणून पहिली उजळणी लगेच, मग अंतर वाढवत. मी चार तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवते: दुसरा दिवस, आठवडा, महिना आणि वर्ष.

दुसऱ्या दिवशी फोन. पण विचारायचं कसं? "मजा आली ना?" ला "हो" येतं आणि विषय संपतो. न्यूझीलंडमधल्या एलेन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं आया मुलांशी गेलेल्या प्रसंगांबद्दल कसं बोलतात ते ऐकलं. ज्या आया तपशिलात शिरून मोकळे प्रश्न विचारत आणि मुलाच्या उत्तरात भर घालत, त्यांच्या मुलांना पुढे कुमारवयात आणखी लहानपणच्या आठवणी सांगता आल्या. ती पद्धत अशी:

"आपण वासरू बघितलं, तेव्हा ते काय करत होतं?"
"उभं राहत होतं."
"हो ना, आणि त्याचे पाय कसे थरथरत होते! मग तू काय केलंस?"
"मी हात लावला. ओला होता."
"ओला? मला नव्हतं माहीत. कुठे लावलास?"

मूल थोडं सांगतं, आपण थोडी भर घालून चेंडू परत त्याच्याकडे टाकायचा. आपल्याला माहीत नसलेलं त्याच्याकडून कळलं की तसं कबूल करायचं. त्याला फार मोठेपणा वाटतो. परीक्षा घेतल्यासारखं विचारलं तर मूल पळतं.

आठवडाभरात आणायचं ते खोकं. बुटांचं रिकामं खोकं पुरतं. त्यात तिकीट, दगड, पान, खजिनदाराची वही आणि वाटाड्याने रेघोट्या मारलेला नकाशा. पाच-सहा फोटो छापून घ्या, शंभर नकोत. मागे मऊ पेन्सिलीने किंवा फोटोंसाठी मिळणाऱ्या पेनाने तारीख, जागा आणि माणसं लिहा. बॉलपेनने दाबून लिहिलं तर पुढे वळ उमटतो. फोटो आणि आवाजाच्या फायलींना वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने नाव द्या, म्हणजे त्या आपोआप ओळीने लागतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. मुलांच्या आईवडिलांचं घर त्यासाठी आहेच.

महिन्याने ते खोकं जेवणानंतर मधोमध उघडायचं आणि बोलण्याची सुरुवात आपण करायची नाही. वर्षाने तेच पुन्हा, आणि त्याच दिवशी पुढच्या सहलीची तारीख.

एक पथ्य आहे आणि ते फार अवघड जातं: चुकीचं आठवलं तर लगेच दुरुस्त करू नका. आमचा धाकटा मोज्यांच्या संध्याकाळी चार वर्षांचा होता आणि पाऊस थांबायच्या आधीच गादीवर झोपून गेला होता. त्याने त्यातलं काहीच पाहिलेलं नाही. पण वर्षाच्या खोक्याच्या दिवशी तोच उठून उभा राहिला, आजोबांना खुर्चीत बसवलं, त्यांच्या डोक्यावर बोट ठेवलं आणि थेंब मोजायला लागला. ताई म्हणाली, "अरे, तू झोपला होतास." त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. या वेळी आकडा चाळीसपर्यंत गेला, आणि आजोबा शेवटपर्यंत हलले नाहीत.